लष्करातला कॅप्टन आणि नौदलातला कॅप्टन

प्रश्न : आमचे घर शिरोळ तालुक्यातले. वडील आणि दोन्ही चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले. पुतण्या यंदा अकरावीत आहे आणि त्याने नौदलात अधिकारी होण्याचे मनावर घेतले आहे. शेजाऱ्यांचे बंधू नौदलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाल्याचे कळताच वडील म्हणाले, "एवढी वर्षे नोकरी करून नुसता कॅप्टन?" नौदलात बढती इतकी मंद असते का? ॲडमिरलपदापर्यंत माणूस पोहोचतो तरी कसा?

— एक वाचक, शिरोळ

उत्तर : आपल्या वडिलांचा गैरसमज स्वाभाविक आहे, पण तो दूर व्हायलाच हवा. नौदलातील कॅप्टन हा लष्करातील कर्नलच्या बरोबरीचा अधिकारी असतो. लष्करातील कॅप्टनशी जुळणारा नौदलातील हुद्दा लेफ्टनंटचा. सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर आणि कमांडर या पायऱ्या ठरावीक सेवाकाल व परीक्षा पूर्ण केल्यावर चढता येतात. कॅप्टनपदासाठी मात्र निवड मंडळापुढे कसोटी लागते आणि तिथे अनेक चांगले अधिकारी मागे राहतात. त्यापुढे कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल आणि सर्वांत वर एकच ॲडमिरल, म्हणजे नौदलप्रमुख.

या निवडीत जहाजावरील कामगिरीला फार मोठे वजन असते, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील तीन वर्षे आणि केरळातील एळिमला येथील नौदल अकादमी संपवून आलेला तरुण कोचीच्या प्रशिक्षण जहाजांवर समुद्राची ओळख करून घेतो, रात्री-अपरात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षात, उभा राहून पहाऱ्याची जबाबदारी शिकतो आणि मग तोफखाना, दिशादर्शन, संदेशवहन किंवा पाणबुडीविरोधी युद्ध यांपैकी एका विषयात पारंगत होतो. पुढे त्याच्या हाती स्वतःचे जहाज येते, आणि कारकिर्दीचा खरा कस तिथेच लागतो. जहाज उथळ पाण्यात रुतले, तर त्या घटकेला आपण झोपलो होतो ही सबब त्याच्या कप्तानाला सांगता येत नाही.

३० एप्रिल २०२४ रोजी नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल दिनेशकुमार त्रिपाठी यांचे उदाहरण आपल्या पुतण्याने अवश्य अभ्यासावे. ते रीवा येथील सैनिक शाळेचे विद्यार्थी, आणि रीवा तर समुद्रापासून कोल्हापूरपेक्षा कितीतरी दूर. १ जुलै १९८५ रोजी अधिकारी झालेल्या त्रिपाठींनी विनाश या क्षेपणास्त्रवाहू नौकेचे, मग किर्च या कॉर्व्हेटचे, म्हणजे छोट्या युद्धनौकेचे, आणि त्यानंतर त्रिशूल या त्याहून मोठ्या फ्रिगेट युद्धनौकेचे नेतृत्व केले. जहाजाचा आकार वाढत गेला, तशी जबाबदारीही. मधल्या काळात किनाऱ्यावरील नेमणुका होत्या, एळिमला अकादमीचे प्रमुखपदही होते. अधिकारी होण्यापासून नौदलप्रमुख होण्यापर्यंत जवळजवळ ३९ वर्षे लागली.

मराठी माणसांनी ही वाट यापूर्वीही चालली आहे. ॲडमिरल जयंत नाडकर्णी १९८७ ते १९९० या काळात नौदलप्रमुख होते, आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधील बंडखोर ओलिसांसह जहाजातून पळाले, तेव्हा त्यांचा पाठलाग करून ते जहाज अडवणाऱ्या गोदावरी आणि बेतवा या युद्धनौका नाडकर्णींच्याच कारकिर्दीत गेल्या होत्या. करवीरच्या गादीच्या मुलखात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते : डिसेंबर २०२३ मध्ये ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील चिन्हे बदलली, आणि त्यांतील अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतला आहे.

प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, हे पुतण्याने आत्ताच लक्षात घ्यावे. जहाजाचे नेतृत्व कार्यकारी शाखेच्या अधिकाऱ्याकडेच जाते. अभियांत्रिकी व विद्युत शाखांतील अधिकारीही व्हाइस ॲडमिरल होऊ शकतात, पण त्यांची वाट वेगळी. शेजाऱ्यांचे बंधू पुन्हा गावी येतील, तेव्हा वडिलांनी कर्नलसाहेबांचा मान देऊन त्यांना घरी बोलवावे, पुतण्याला शेजारी बसवावे आणि ते कोणकोणत्या जहाजांवर होते, ते विचारावे.