पावसाळ्यात इगतपुरी-भंडारदऱ्याला कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) न्यायची आहे, छतावरच्या जुन्या सिलिकॉनवरच नवीन मारलं तर चालेल का? (नाशिक)

नाही, जुनं पूर्ण काढूनच नवीन मारा. सुकलेल्या सिलिकॉनवर काहीच नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. अंबडला गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. गळकी गाडी आली की बहुतेक वेळा असाच थरावर थर थापलेला निघतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा (लोखंडी पात्याने रंग गेला की तिथेच गंज धरतो), आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग पॉलियुरेथेन सीलंट (फटी बुजवायचं लुकण) भरा. छतावरचा पंखा आणि सोलर पॅनेलचे पाय आधी बघा. पंखा उतरवलाच तर फ्रेमखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) द्या. स्क्रू आवळताना ती चारही कडांनी जराशी बाहेर डोकावली पाहिजे.

दाराच्या रबरासाठी दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद सुटली, तर त्या जागी रबर दबून चपटं झालंय. रबराला ग्रीस-डिझेल लावू नका, सिलिकॉन स्प्रे चालेल. पण तो सगळ्यात शेवटी, नाहीतर उडालेल्या तुषारांवर सीलंट धरत नाही.

हे काम मेच्या मध्यापर्यंत उरका. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला जास्त दिवस लागतात. सकाळी, पत्रा तापायच्या आत मारा.

हे सगळं पत्र्याच्या छताचं झालं. छत रबर शीटचं असेल, तर ती शीट बनवणाऱ्याने सांगितलेलंच सीलंट वापरा.