सेफ्टीत नवीन आहात? आधी शिफ्ट बदलताना उभे राहा

अभिनंदन! पहिला महिना पोस्टर आणि फाइली बाजूला ठेवा आणि शिफ्ट बदलते तेव्हा प्लांटमध्ये जाऊन ऐका. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर स्फोट होऊन १६७ माणसं दगावली. दुरुस्तीसाठी काढलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हची गोष्ट पुढच्या शिफ्टला कळलीच नव्हती. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, होतं; बोलणं नव्हतं.

नवख्यांच्या दोन चुका:

- थोडक्यात टळलेला अपघात कळवणाऱ्यालाच "तू तिथे काय करत होतास?" विचारणं. मीही केलंय. नंतर कितीतरी दिवस कुणी तोंड उघडलं नाही.
- शून्य अपघातावर बक्षीस लावणं. अपघात होतच राहतात, नोंदी तेवढ्या कमी होतात.

अपघात पाहिलेल्या माणसाला खोदून खोदून विचारू नका. घरी सोडायची सोय करा, दोन दिवसांनी भेटा, झोप लागते का एवढंच विचारा. महिन्यानंतरही दचकत असेल, ती जागा टाळत असेल तर तज्ज्ञाकडे न्या.

हॅझॉप (प्लांटमधले धोके पद्धतशीर शोधायचा अभ्यास) वगैरे सध्या राहू द्या. उद्या एखाद्या जुन्या ऑपरेटरला विचारा, "या कामात तुम्हाला भीती कशाची वाटते?" उत्तर वहीत लिहा, आणि त्याचं पुढे काय केलंत ते आठवड्याभरात त्यांना जाऊन सांगा.