मुंबईत एवढी बांधकामे चालू असताना महापालिका बेकऱ्यांच्या भट्ट्यांवरच का घसरली आहे?

रस्त्यांवर लाखो गाड्या धावत असताना आणि गल्लोगल्ली इमारती पाडल्या जात असताना पाववाल्याच्या भट्टीने असे काय मोठे बिघडते, हा आपला प्रश्न रास्त आहे. माझ्या मते भट्टी बदलायलाच हवी. मात्र बेकरीवाल्याला लावलेला कडकपणा बिल्डरलाही लागला पाहिजे, आणि घोडे नेमके तिथेच अडते.

भट्टीचा धूर किती, यापेक्षा तो कुठे सुटतो हे पाहावे. मध्य मुंबईत मी एका बेकरीमागच्या चाळीत बरीच वर्षे राहिलो आहे. तिचे धुराडे आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या जेमतेम वर संपत असे. पहाटेच्या पावासाठी रात्री भट्टी पेटली की दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसे, आणि हिवाळ्यात वारा पडल्यावर तो धूर चौकातच कोंडून राही. शिवाय भट्टीत नेहमी ओंडकेच जळतात असे नाही. स्वस्त पडते म्हणून मोडीत निघालेले फर्निचर आणि प्लायवुडही जाळले जाते, आणि त्यातील गोंद, रंग व पॉलिश धुरावाटे थेट शेजाऱ्यांच्या छातीत जातात.

म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, महापालिकेची वर्षभराची मुदत कमी करून, लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि उपाहारगृहांना सहा महिन्यांत गॅस, वीज किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हे योग्यच झाले. पण विटांची भट्टी एकदा तापली की तिच्या भिंतींत मुरलेल्या धगीवर लादीमागून लादी भाजली जाते. तिथे नुसता बर्नर बसवून भागत नाही, बहुधा सगळी भट्टीच नव्याने बांधावी लागते. अरुंद गल्लीत गॅसची वाहिनी पोहोचलेली नसते, सिलिंडर सुरक्षित ठेवायला जागा नसते, आणि विजेचा भार वाढवून घ्यायचा तर खर्च वेगळा. नोटिशीच्या आधी वाहिनी आणि स्वस्त कर्ज पोहोचले असते, तर गरिबाच्या पावाचा भाव वाढण्याची धास्ती उरली नसती.

बांधकामांच्या धुळीबाबतचे नियमही कागदावर ढिले नाहीत. महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक एकराहून मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवे कापड किंवा ताडपत्री, राडारोडा झाकून नेणे आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात आमच्या भागातील एका बांधकामाच्या फाटकाशी चाके धुण्याचा हौद आहे, पण तो कोरडा असतो, आणि ट्रक गेल्यावर मातीचे दोन पट्टे थेट चौकापर्यंत उमटतात. पुढे टँकर त्यावर पाणी मारतो. पाण्याने धूळ तात्पुरती बसते. झाडून उचलली नाही तर दुपारच्या उन्हात पुन्हा उडते.

महापालिकेच्या हाती अधिकार नाहीत असेही नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस हवा बिघडली, तेव्हा तिने बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातील सर्व बांधकामे थांबवली होती. हवा हाताबाहेर जाण्याची वाट न पाहता, वॉर्डाच्या पथकाने त्या कोरड्या हौदापाशीच काम थांबवावे, एवढीच माझी मागणी आहे. आपल्या भागातही असे दिसल्यास १९१६ वर तक्रार नोंदवताना फाटकाचा आणि रस्त्यावरील चिखलाचा फोटो तारीख-वेळेसह जपून ठेवा आणि तक्रार क्रमांक घेऊन वॉर्ड कार्यालयात लेखी पाठपुरावा करा.