पट्टा ओरडतो तेव्हा आधी पुली बघा
वाचकांचे प्रश्न : गाडी, इंजिन, यंत्र

प्रश्न : मुलानं पुण्याहून जुनी सॅन स्टॉर्म आणली. त्याआधी ती सहा वर्षं आमच्याच एका नातेवाइकाकडे, कापसाच्या गोडाऊनला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. सकाळी चालू केली की दोन मिनिटं किर्रर्र ओरडते, मग गप्प होते. हेडलाइट लावले की पुन्हा सुरू. गावातल्या मेकॅनिकनं पट्टा दोनदा ताणून दिला, आठ दिवसांत परत तेच. आता तो म्हणतो की टायमिंग बेल्टही बदला. गाडी तर फक्त ४१ हजार किलोमीटर चालली आहे. इतक्यात बदलायची गरज आहे का? आणि या गाडीचे पट्टे आता मिळतात कुठे?
– एक वाचक, ता. हिंगणघाट

उत्तर : मिळण्याचं आधी सांगतो, कारण त्यातच लोक अडकतात. सॅन स्टॉर्म १९९८ साली आली. गोव्यात बनलेली, दोन सीटची, बॉडी फायबरग्लासची. पण इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. परदेशात हेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत बसत होतं. म्हणून दुकानात जाऊन 'स्टॉर्मचा पट्टा द्या' म्हणाल तर मान हलेल. इंजिनाचा नंबर सांगा आणि जुना पट्टा हातात घेऊनच जा.

बाहेरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्याच्या पाठीवर छापलेलं असतं, समजा ५पीके ११००. म्हणजे पाच रिब (पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या लांब धारी), लांबी ११०० मिलिमीटर. हा आकडा फक्त उदाहरणाचा आहे, तुमच्या पट्ट्यावरचाच वाचा. छाप पुसली असेल तर अल्टरनेटर त्याच्या सरकण्याच्या खाचेत मधोमध ठेवा, पट्ट्याच्या वाटेनं सगळ्या पुल्यांवरून सुतळी फिरवा आणि ती मोजा. येईल त्याच्या जवळची लांबी घ्या. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (कॅम) जोडणारा दातेरी पट्टा. त्याचे दात मोजा. एका दातावर शाईची खूण करून सुरुवात करा, नाहीतर मोजता मोजता विसरायला होतं. मग रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या. शेवटी दहा दातांचं अंतर मोजून दहानं भागा. बहुतेक गाड्यांत ते ८ किंवा ९.५२५ मिलिमीटर निघतं. दात गोल आहेत की चौकोनी, तेही दुकानदाराला सांगा. या तीन-चार गोष्टी सांगितल्या तर नागपूरचा चांगला दुकानदार नाहीतर मुंबईहून मागवणारा माणूस चुकत नाही. मात्र दुकानात खिळ्याला टांगलेला, घडीच्या जागी वळ पडलेला पट्टा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता ओरडण्याचं. ताणून गप्प बसवलेला पट्टा आठ दिवसांत ओरडला, तर दुखणं ताणात नाही. हेडलाइट लावले की अल्टरनेटर जड होतो, पट्टा पुलीवर घसरतो आणि किंचाळतो. पण तो घसरतो कशामुळे? तुमच्या गाडीच्या बाबतीत मला आधी संशय रुईचा आणि धुळीचा आहे. गोडाऊनजवळ उभ्या गाडीत रुईचे तंतू पुलीच्या खाचांत बसतात, वर काळ्या मातीची धूळ चिकटते आणि गाडी फिरली की तो थर घोटून दगडासारखा होतो. मग रिब खाचेत पूर्ण उतरतच नाही, वरच्या वर फिरते. दुसरा संशय गंजाचा. उभ्या गाडीत पावसाळ्यात पुलीच्या ज्या भागावर पट्टा टेकलेला नसतो, तिथे गंज धरतो. तो नव्या पट्ट्याला कानशीसारखा खातो.

टायमिंग बेल्ट बदलून झाला (का, ते खाली सांगतो) की आधी दोन मिनिटांची परीक्षा करा. इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू, सदऱ्याच्या बाह्या वर, उपरणं लांब. पट्ट्याच्या रिबच्या बाजूला पाण्याचे चार थेंब शिंपडा. आवाज वाढला तर ताण कमी आहे, पट्टा घसरतोय. आवाज क्षणभर थांबून परत आला, आणि तो लांब किंचाळण्याऐवजी पाखरासारखा चिव-चिव असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत.

मग इंजिन थंड करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पट्ट्याच्या वाटेचा मोबाइलवर फोटो घ्या. अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि पट्टीचा बोल्ट सैल करा, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, पट्टा उतरवा. स्क्रू-ड्रायव्हर घालून पट्टा पुलीवरून उपसू नका. आतले ताण सोसणारे धागे तिथेच तुटतात, वरून काही दिसत नाही आणि महिन्याभरात पट्टा एका कडेनं उसवतो.

उतरलेला पट्टा उलटा करून बघा. जुन्या निओप्रीन रबराच्या पट्ट्याला भेगा पडतात. आठ सेंटिमीटरमध्ये तीन-चार दिसल्या की तो गेला. पण अलीकडचे पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात, त्यांना भेगा फारशा पडतच नाहीत. ते टायरसारखे झिजतात. रिबमधली खाच रुंद होत जाते आणि रिबचा माथा पुलीच्या तळाला टेकतो. म्हणून 'भेग नाही म्हणजे पट्टा चांगला' हे आता खरं नाही. नवा पट्टा शेजारी ठेवून खाचा ताडून पाहा, फरक लगेच दिसतो.

पट्टा उतरलेला असतानाच प्रत्येक पुली हातानं फिरवा. वाळू चाळल्यासारखी खरखर आली तर आतलं बेअरिंग संपलं आहे. वर-खाली हलवून खेळ बघा. खाचा प्लॅस्टिकच्या ब्रशनं किंवा बांबूच्या टोकदार काडीनं कोरून काढा. डिझेल, रॉकेल अजिबात नको, तेल रबर फुगवतं. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर खाचेत फिरवून हात गुळगुळीत लागेपर्यंत घासा. मग सरळ लोखंडी पट्टी दोन पुल्यांच्या तोंडावर आडवी धरा. तीस सेंटिमीटर अंतरात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर अल्टरनेटरच्या बोल्टमधलं वॉशर किंवा बुश हरवलं आहे का ते शोधा. दुरुस्तीत एक वॉशर गायब होणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे.

नवा पट्टा चढवताना सगळ्या रिब सगळ्या खाचांत बसल्या की नाही हे बोटानं चाचपा. एक रिब बाहेर राहिली तर पट्टा दहा किलोमीटरमध्ये चिंध्या होतो. क्रँक पान्यानं दोनदा फिरवून परत चाचपा.

ताण किती ठेवायचा? अंगठ्यानं दाबून बघा असं सगळे सांगतात, पण अंगठे सारखे नसतात. किराणा दुकानातला हुकाचा काटा घ्या. पट्ट्याच्या सर्वांत लांब मोकळ्या भागात, मधोमध दोरी अडकवून दहा किलोच्या ओढीवर पट्टा किती सरकतो ते पट्टीनं मोजा. पाऊण-एक फुटाच्या अंतरात ८ ते १० मिलिमीटर ठीक. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. बोल्ट कसून गाडी पंधरा मिनिटं चालवा, बंद करा, गार झाल्यावर परत मोजा, कारण नवा पट्टा पहिल्या चालीत ढिला होतोच. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. आवाज नको म्हणून जास्त कसलात तर पट्टा गप्प बसेल, पण अल्टरनेटरचं बेअरिंग बोलू लागेल आणि ते पट्ट्याच्या कितीतरी पट महाग आहे.

टायमिंग बेल्टच्या बाबतीत तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. किलोमीटर विसरा, वर्षं मोजा. बहुतेक इंजिनांना ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा चार-सहा वर्षं, जे आधी होईल ते. वैशाखात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या भागात, टिनाच्या शेडमध्ये सहा वर्षं एकाच वळणावर बसलेला पट्टा आतून कडक झालेला असतो. असा पट्टा बरेचदा स्टार्ट करतानाच दात सोडतो, कारण क्रँकची छोटी गिअर तेव्हाच सर्वांत जोरात झटका देते. पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील असं धरूनच चाला. बदलेपर्यंत गाडी चालवू नका.

हे काम इंजिन पूर्ण थंड असताना करायचं. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा, खुणा जुळवा, आणि पट्टा काढायच्या आधी पट्ट्यावर व दोन्ही गिअरवर पांढऱ्या रंगाचे ठिपके द्या. काही इंजिनांना कॅम जागेवर अडकवणारं खास टूल लागतं, तिथे ठिपक्यांवर विसंबू नका. पट्टा निघाल्यावर क्रँक किंवा कॅम एकटा फिरवायचा नाही. सोबत टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली), आयडलर (पट्ट्याला वाट देणारी मोकळी पुली), क्रँक आणि कॅमचे ऑइल सील बदला. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही. पंप गळून नवा पट्टा भिजला तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा. नवा पट्टा डब्यातून शेवटी काढा. आतले काचेचे धागे उलटं वाकवलं की तुटतात. चढवताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजूचा झोळ आधी संपवा, मग टेन्शनर सोडा. क्रँक पान्यानं, फिरण्याच्या दिशेनं दोन पूर्ण फेरे द्या आणि खुणा परत बघा. मध्ये कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, थांबा, तिथे व्हॉल्व्ह टेकला आहे. सगळं जुळल्याशिवाय चावी फिरवायची नाही. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण चढावर दम सोडते आणि आयडलला थरथरते.

प्रश्न : जुन्या डिझेल जीपचा फॅन बेल्ट वर्षातून तीनदा बदलतो. चिखलदऱ्याच्या घाटात चार्जिंगचा दिवा लागला आणि इंजिनाच्या तापमानाचा काटाही वर चढला. बेल्ट चांगल्या कंपनीचाच घेतो.
– परतवाडा

उत्तर : दिवा आणि काटा एकत्र आले म्हणजे अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवणारा एकच पट्टा घसरतो आहे. हा व्ही-बेल्ट पाचरीसारखा काम करतो. पकड त्याच्या दोन्ही कडांची, तळाची नाही. नवा पट्टा पुलीत बसवून बघा, त्याची पाठ पुलीच्या कडेच्या बरोबर किंवा किंचित वर हवी. खोल गेली असेल आणि खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल, तर पट्टा तळाला टेकतो आहे. पाचर सुटली, पकड गेली. मग कितीही महाग पट्टा घाला, तो घसरून तापेल आणि कडा काचेसारख्या करून घेईल. पुली बदला, ती एकदाच लागेल.

घाटात पट्टा तुटला तर इंजिन त्याच क्षणी बंद करा, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. नायलॉनची दोरी बांधून गावापर्यंत जाण्याच्या गोष्टी ऐकायला बऱ्या असतात. दोरी पुलीत घसरते, पंप फिरत नाही आणि हेड वाकतं. सीटखाली एक जादा पट्टा आणि योग्य मापाचा पाना ठेवा.

प्रश्न : भाऊ, चक्कीले बी मापाचे तीन पट्टे हायेत. एकच काऊन ढिला पडते? तोच बदलतो, तं दुसरा ढिला होते.
– ता. दारव्हा

उत्तर : एकच बदलता म्हणूनच. जुने दोन ताणून लांब झालेले असतात, नवा आखूड. सगळा भार नव्यावर येतो, तो लवकर मरतो, बाकीचे दोन लोंबकळत नुसते फिरतात. तिन्ही एकदम बदला, एकाच कंपनीचे आणि शक्य तर एकाच लॉटचे. बी पट्टा वरून १७ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर जाड असतो. पुढचा आकडा, समजा ९६, ही आतली लांबी इंचात. तुमच्याच पुलीत जाईल म्हणून ए किंवा सी माप खपवू नका.

मोटर आणि चक्कीच्या पुल्यांच्या तोंडावरून ताठ सुतळी ओढा. दोन पुल्यांच्या चारही कडांना ती एकदम टेकली पाहिजे. ताण असा ठेवा की दोन पुल्यांमध्ये एक मीटर अंतर असेल तर मधोमध दाबल्यावर पट्टा साधारण १६ मिलिमीटर दबेल. दीड मीटरला २४. नवे पट्टे वीस मिनिटं चालवून परत ताणा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याआधी मोटरचे पायाचे बोल्ट बघा. पाया सैल असेल तर मोटर रोज थोडी थोडी चक्कीकडे सरकते आणि दोष बिचाऱ्या पट्ट्यांवर येतो.

प्रश्न : थ्रेशरच्या पट्ट्यावर राळ टाकली की तो पकडतो. चालते का?
– ता. वणी

उत्तर : सपाट कापडी पट्ट्यांच्या काळातली सवय आहे ती. व्ही-बेल्टला राळ, साबण, मेण काहीच नको. राळेत सोयाबीनचं कुटार चिकटतं, कडांवर गोळे होतात, पट्टा उड्या मारतो. टाकली असेल तर यंत्र बंद करून, पट्टा उतरवून, पुली थिनरच्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा. पट्टा साबणाच्या कोमट पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. कडा तरीही चिकट लागल्या तर तो फेकून द्या. आणि ओलं सोयाबीन घालताना पट्टा घसरत असेल तर राळ टाकू नका, भर कमी करा.