सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे वाटा गेला का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील 2018 साली मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि तुम्ही. दिवसकार्य झाल्यावर भावाने तलाठ्याकडे नेऊन एका कागदावर सही घेतली. आता सातबाऱ्यावर दोघा भावांचीच नावं आहेत आणि जमीन विकायची बोलणी चालली आहेत. तुमचा वाटा गेला का?

मी वकील नाही. रजिस्ट्रार कचेरीबाहेर टेबल टाकून गेली बावीस वर्षं दस्त लिहितो. तेव्हा आधी मीच विचारतो: त्या दिवशी तुमचा फोटो काढला होता का? यंत्रावर अंगठा ठेवायला लावला होता का? नसेल, तर ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र नव्हे, नुसता जबाब झाला. जमिनीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. जबाबावरून फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर होतो, सातबारा बदलतो, पण मालकी फेरफाराने ठरत नाही. सुप्रीम कोर्टाने हे कितीदा सांगितलंय, तरी गावात सातबारा म्हणजे ब्रह्मवाक्य!

फोटो-अंगठा झाला असेल, तर गोष्ट अवघड. फसवून सही घेतली म्हणून दस्त रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून तीनच वर्षं मिळतात. आजच वकील गाठा.

या फसवणुकीचं मला नवल वाटत नाही. एक बाई नवीन साडी नेसून भावाबरोबर आली होती. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ ही ओळ मी टाइप करत होतो आणि ती हळूच विचारते, “दादा, हे रेशनकार्डाचंच ना?” मी हात थांबवला. भाऊ शेजारच्या टेबलावर गेला.

वाट्याचा हिशेब सोपा आहे. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर आई आणि तुम्ही तिघं भावंडं समान वारस, म्हणजे तुमचे चार आणे. वडिलोपार्जित असेल तर गणित लांबतं, पण तुमच्या घरात उत्तर पुन्हा चार आणेच येतं. लग्न कधी झालं, हुंडा किती दिला, याने फरक पडत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्कदार झाली. विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलं की 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. तुमचे तर होतेच.

आता करायचं काय? सातबाऱ्यावर भावांच्या नावापुढे फेरफार क्रमांक असतो. त्या फेरफाराची आणि सोबत जोडलेल्या जबाबाची नक्कल तहसीलमधून काढा. प्रांताधिकाऱ्याकडे अपील करता येतं, पण वाटा खरा मिळतो तो दिवाणी कोर्टातल्या वाटपाच्या दाव्यात. दावा लावलात की लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला विसरू नका. नाहीतर उद्या खरेदीदार ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणत उभा राहील.

आणखी एक. प्रश्नात आईचा उल्लेख एकदाच आला आहे. तिचेही चार आणे आहेत आणि तिचंही नाव सातबाऱ्यावर नाही. तिने कशावर सही केली होती, ते भावाला नको, तिलाच विचारा.