महूच्या पुढची वळणं

चि.,
अनेक आशीर्वाद.

इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येईल आणि गाडी चालवण्यात मन रमेल, असे वळणांचे रस्ते कोणते, असं तू विचारलंस. त्यासाठी दक्षिणेला जायचं. उज्जैन-देवासकडे माळव्याचं पठार सपाट आहे, तिकडचे रस्ते सरळ आणि झोप आणणारे. दक्षिणेला पठार एकाएकी संपतं. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे आणि महेश्वर १५० मीटरच्या आसपास. मधली उंची विंध्याच्या कड्यावरूनच उतरावी लागते, म्हणून खाली नर्मदाकाठच्या निमाडात जाणारा प्रत्येक रस्ता कुठेतरी घाट होतो.

शिकण्यासाठी जाम गेटचा रस्ता घे. महूहून बडगोंद्यामार्गे तो मंडलेश्वरकडे उतरतो. अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा अगदी कड्यावर उभा आहे आणि त्याच्या पलीकडे घाट सुरू होतो. वळणं जवळजवळ आहेत, अवजड वाहतूक हमरस्त्यापेक्षा कमी आहे आणि उतरून पुन्हा चढता येतं, त्यामुळे एकच वळण दोन्ही बाजूंनी नीट कळतं. मौजेसाठी धारहून मांडव, म्हणजे मांडूचा किल्ला. महूजवळच्या जानापाव डोंगराची चढण छोटी आणि उभी आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरचा आणि क्लचचा अभ्यास तिथे होतो. खंडवा रोडवरचा भेरूघाट दिसायला देखणा आहे, पण त्यावर ट्रक, बस आणि ओंकारेश्वरच्या यात्रेकरूंची गर्दी असते, शिवाय चौपदरीकरणाने आणि बोगद्यांच्या कामाने त्याचं रूप बदलत चाललं आहे. तिथे मौजेसाठी जाऊ नकोस, वाटेत लागला तर शांतपणे पार कर. आणि मानपूरच्या पुढचा एबी रोडवरचा (आग्रा-मुंबई हमरस्त्यावरचा) गणपती घाट मौजेच्या यादीत धरूच नकोस. उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी तिथे फार माणसं मारली आहेत, इतकी की उतारासाठी वेगळा रस्ता काढावा लागला.

आता मुख्य गोष्ट. वळणाचा आनंद वेगात नसतो, तो गाडी एका लयीत वळण्यात असतो. आणि ही लय वळणाच्या आधीच ठरते. ब्रेक, गिअर, नजर ही तिन्ही कामं स्टिअरिंग फिरवण्यापूर्वी संपलेली असली पाहिजेत. नवशिक्यांचं जवळपास सगळं बिघडतं ते वळणात शिरल्यावर ब्रेक दाबल्यामुळे.

त्यामागचं कारण असं. टायरची जमिनीवरची पकड ठरावीक असते. तीच पकड ब्रेकलाही लागते आणि वळायलाही. सरळ रस्त्यावर ब्रेक मारलास तर सगळी पकड थांबण्याच्या कामी येते. अर्ध्या वळणात ब्रेक मारलास तर पकड दोन्हीकडे वाटली जाते, शिवाय वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. मग एक तर पुढची चाकं वळण सोडून सरळ घसरतात, नाहीतर मागचा भाग बाहेर फेकला जातो. एबीएस चाकं जाम होऊ देत नाही, पण नसलेली पकड आणून देत नाही.

थोडं गणित कर, कारण त्याने डोक्यात वेगाचं माप बसतं. त्रिज्या ३० मीटर असलेलं वळण घाटात सर्रास भेटतं. ते ताशी ३० किलोमीटरने घेतलंस तर लागणारी आडवी पकड गाडीच्या वजनाच्या साधारण २४ टक्के असते. ४० ला ती ४२ टक्के होते, ५० ला ६५ टक्के आणि ६० ला ९४ टक्के. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. कोरड्या चांगल्या डांबरावर साधा टायर ७० ते ८० टक्क्यांपर्यंत धरतो, ओल्यावर ४० ते ५० आणि बारीक खडीवर त्याहून कमी. म्हणजे कोरड्यात ज्या वळणावर ४० चा वेग चालून जातो, तिथेच पावसात तू काठावर असतोस, आणि गाडी त्याची आगाऊ सूचना देत नाही. ३० टक्क्यांच्या वर गेलं की शेजारी बसलेला माणूस बोलायचं थांबतो आणि दाराची मूठ धरतो. ती खूण पाळ. मागच्या सीटवर आई-आजी असतील तर २५ टक्क्यांच्या आतच राहा.

वळण घेण्याचा क्रम असा ठेव. वळण दिसलं की सरळ पट्टीतच ब्रेक, आधी जरा घट्ट आणि वळण जवळ येईल तसा सैल. मग गिअर खाली. घाटातल्या ३० मीटरच्या वळणाला बहुतेक छोट्या गाड्यांत दुसरा, मोठ्या वळणाला तिसरा. क्लच पूर्ण सोडून, गाडी इंजिनच्या ओढीत आल्यावरच स्टिअरिंग फिरव. क्लच दाबून वळणात शिरणं ही सर्वांत रुळलेली वाईट सवय आहे, तेव्हा गाडी मोकळी धावते आणि इंजिनाचा लगाम सुटतो. वळणात अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका, वेग टिकेल इतकाच. बाहेर पडण्याची सरळ पट्टी दिसली आणि स्टिअरिंग परत येऊ लागलं की मग जोर दे. हात घड्याळाच्या नऊ आणि तीनवर. सीट इतकी पुढे की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील आणि पाठ सीटला टेकलेली राहील. पाठ सुटली की माणूस स्टिअरिंगला लोंबकळतो आणि त्याला पुढच्या चाकांचा निरोप हातात येत नाही.

नजर कुठे ठेवायची, याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जाऊन जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूकडे बघ. तू पुढे जाशील तसा तो बिंदू दूर पळत असेल तर वळण उघडतं आहे. तो एकाच जागी थांबला असेल तर वळण कायम आहे, वेग तसाच ठेव. तो तुझ्याकडे येऊ लागला तर वळण आत आवळत चाललं आहे, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय लगेच उचल. आवळत जाणारी वळणंच लोकांना दरीकडे नेतात, कारण तोंडाशी ती सोपी दिसतात.

याच बिंदूवरून वेगाची मर्यादा ठरव: जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. ताशी ५० ला, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरून, कोरड्यात सुमारे २८ मीटर लागतात आणि ६० ला ३७. उतारावर आणि ओल्यात आणखी. जिथे रस्ता इतका अरुंद आहे की दोन गाड्या मावत नाहीत, तिथे दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे, कारण समोरच्यालाही तेवढीच जागा लागणार.

शर्यतीच्या चित्रफिती बघून वळणाची अख्खी रुंदी वापरायचा मोह होईल. ते इथे चालत नाही. आपली निम्मी बाजू हाच आपला रस्ता. त्या निम्म्यातही थोडी जागा असते, ती वापर. उजव्या वळणात डावीकडे राहिलास की पुढचं लवकर दिसतं, पण डांबराच्या काठापासून अर्धा मीटर आत राहा, कारण साइडपट्टी काही ठिकाणी १० ते १५ सेंटिमीटर खाली असते आणि तिथे खडी साचते. चाक खाली उतरलंच तर झटक्याने वर ओढू नकोस. पाय उचल, स्टिअरिंग सरळ धर, वेग पडू दे आणि मग सावकाश वर घे. झटका दिलास तर चाक काठावर अडकतं आणि सुटताना गाडी समोरच्या बाजूला भिरकावली जाते. डाव्या वळणात डोंगर किंवा झाडी आत असते आणि काही दिसत नाही. तिथे मधल्या रेषेकडे थोडं सरकून बघायला हरकत नाही, पण रेषेपासून मीटरभर सोड. समोरचा बसवाला वळण कापत येणार असंच धरून चाल. आंधळ्या वळणाआधी हॉर्न दे, आणि दिल्यावर काच थोडी खाली करून उत्तर ऐक.

उतरण्याची शिस्त वेगळी. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोडमध्ये टाकून खालचा गिअर धरून ठेव. ब्रेकवर पाय ठेवून घसरत राहू नकोस. दाब, वेग पाड, पूर्ण सोड, म्हणजे पॅड थंड व्हायला वेळ मिळतो. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणं हा पेट्रोल वाचवण्याचा मार्ग नाही. गिअरमध्ये असताना पाय उचलला की आजच्या इंजिनात इंधन तसंही तुटतं. इंजिन बंद केलं तर ब्रेकची बूस्टर मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होतं.

ब्रेक तापल्याच्या खुणा पाठ कर. जळका वास आला, पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल स्पंजासारखं खाली जातं आहे, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे, ते जास्त धोक्याचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांवर उकळतं, ओल शिरलेलं १५५ पर्यंत उतरू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी कमी चाललेली असली तरीही. ब्रेक तापले तर रुंद जागा बघून थांब, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेव, चाकाखाली दगड लाव आणि अर्धा तास जाऊ दे. चाकावर पाणी ओतू नकोस, तापलेली डिस्क वाकते. हँडब्रेकही ओढून ठेवू नकोस.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि त्याला कारणही आहे: चढावर थांबलेली गाडी पुन्हा काढताना मागे सरकते आणि क्लच जळतो. तुझ्यावर चढात थांबायची वेळ आली तर हँडब्रेकवर थांब, अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नकोस. जानापावच्या चढणीवर दोन-तीनदा असं तोलून धरलंस की वास येईलच.

ऋतूंचं थोडं. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सर्वांत निसरडा, धूळ आणि तेल मिळून थर होतो. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणतात, आणि ती वळणाच्या तोंडाशीच असते, कारण शेतवाटा तिथेच मिळतात. डोंगर कापलेल्या बाजूला बसाल्टचे दगड सुटून पडतात. श्रावणात कावडवाले डाव्या काठाने चालतात, तेव्हा रात्री किंवा पहाटे अंधारात या रस्त्यांवर जाऊच नकोस. सोयाबीन निघायच्या दिवसांत आणि पुढे निमाडात कापूस निघाला की मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या भेटतात. जानेवारीत पठारावर धुकं असतं. रात्री रोजडे (नीलगाई) आडवे येतात, एक गेला की पाय उचलून थांब, मागून कळप येतो.

सर्वांत चांगला काळ ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. रस्ता कोरडा, डोंगर अजून थोडा हिरवा. वार मधला घे. पावसाळी रविवारी जाम गेटला वळणातच गाड्या लावून लोक फोटो काढतात, भुट्ट्यांच्या गाड्या लागतात, तिथे चालवण्यात काही उरत नाही. सकाळी सहाला राजवाड्याजवळ पोहे खाऊन निघालास तरी आठच्या आत दरवाजापाशी पोचशील. पहिल्यांदा घाट फक्त पाहण्यासाठी उतर, मग वळून चढ, मग पुन्हा उतर. मागच्या सीटवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेव. तिसऱ्या फेरीत ती खाली पडली नाही, तर हात बसला.

मांडवला जाताना नालछ्यापर्यंत रस्ता सोपा आहे. पुढे काकडा खोहच्या दरीपाशी थांबायचं असेल तर वळणापासून लांब, पूर्ण रस्त्याबाहेर गाडी लाव. आलमगीर दरवाजापासून एकामागून एक दरवाजे लागतात आणि त्यांच्या कमानीतून एका वेळी एकच गाडी जाते. कमानीपुढे थांब, डिपर दे (हेडलाइट चमकव), समोरून कोणी नसेल तर पहिल्या गिअरमध्ये जा. आरसे मिटायची गरज साध्या गाडीला पडत नाही, पण भिंतीकडचा आरसा बघत राहा.

निघण्याआधी हवा भर, थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच. कमी हवेने टायरची कूस वळणात दुमडते, जास्त हवेने टेकणारा भाग कमी होतो. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिमी लागते. घाटात पावसाळ्यासाठी मी ३ मिमीच्या खाली टायर ठेवू देत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो. चारही टायरांचे हे आकडे आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ती तारीख मला कळव. ते पाहून पुढच्या आठवड्यातला वार ठरवू.

तुझा काका