परदेशी मालामुळे कारखाना बंद पडला तर सरकार मदत करतं का?

तुम्ही विचारलंय की स्वस्त आयातीमुळे नोकरी गेली तर अमेरिकेत सरकार दोन-दोन वर्षं पैसे देतं हे खरं का, आणि आपल्याकडे तसं काही आहे का.

अमेरिकेत तशी योजना होती. ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, तोंडी 'टीएए'. तिथल्या संसदेने मुदत वाढवली नाही, म्हणून 1 जुलै 2022 पासून नवे अर्ज मंजूर होणं बंद झालं. ती योजना 1962 ची, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळातली. आयातशुल्क कमी करायचं, आणि त्यात ज्यांची रोजीरोटी जाईल त्यांना सावरायचं, असा सरकारने दिलेला शब्द होता. पण अटी इतक्या कडक की 1969 पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. 1974 च्या कायद्याने त्या सैल केल्या.

मी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कम्युनिटी कॉलेजात प्रौढांना गणित शिकवायचे, त्यामुळे ही योजना जवळून पाहिली. जुलै 2003 मध्ये कनापोलिसची पिलोटेक्स ही टॉवेल-चादरींची मिल बंद झाली. त्या भागातले चार हजारांहून जास्त लोक एका झटक्यात घरी बसले. शाळा अर्धवट सोडून मिलमध्ये लागलेले कितीतरी होते. माझ्या वर्गातल्या एका पन्नाशीच्या बाईंचं सगळं आयुष्य टॉवेलच्या कडा शिवण्यात गेलेलं. फळ्यावर 3/8 आणि 1/4 ची बेरीज मांडली की त्यांचा हात थांबायचा. मापाची टेप हातात दिली तर त्याच बाई अंगठा सरकवून 5/8 वर अचूक ठेवायच्या.

बेकारी भत्ता धरून 130 आठवड्यांपर्यंत पैसे मिळू शकत, प्रशिक्षणाची फी सरकार भरे. पण तेव्हाचा नियम असा, की नोकरी गेल्यापासून 16 आठवडे किंवा अर्ज मंजूर झाल्यापासून 8 आठवडे, यात जे उशिराचं असेल तोवर प्रशिक्षणाला नाव घातलं पाहिजे, नाहीतर आठवड्याचा भत्ता हुकला. वर्षानुवर्षं शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाने एवढ्यात ठरवायचं, की नर्सिंग की वेल्डिंग? मला त्या नियमाचा फार राग यायचा. पुढे तो 26 आठवड्यांवर नेला, ते बरं झालं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे कारण सिद्ध करणं. तीन कामगार मिळून अर्ज करू शकत, पण काम आयातीमुळेच गेलं का, हे श्रमखातं ठरवणार. एकाच रस्त्यावरचे दोन कारखाने, एक आयातीने बुडाला, दुसऱ्यात यंत्रं आली. पहिल्यातल्यांना दोन वर्षांचा आधार, दुसऱ्यातल्यांना फक्त साधा बेकारी भत्ता. घरभाडं तर दोघांनाही सारखंच भरायचं असतं. सॉफ्टवेअरवाल्यांचे अर्जही बरीच वर्षं फेटाळले जात, कारण सॉफ्टवेअर 'वस्तू' नाही. काम भारतात गेलेल्या सेवाक्षेत्रातल्या लोकांना 2009 च्या कायद्याने दार नीट उघडलं.

मला सर्वांत पटलेला भाग पन्नाशीपुढच्यांसाठीचा. कमी पगाराची नोकरी धरली तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग सरकार देई, दोन वर्षांत कमाल 10,000 डॉलर. त्या वयात पुन्हा वर्गात बसवण्यापेक्षा हे कितीतरी माणुसकीचं.

आता आपल्याकडचं. आयातीमुळे नोकरी गेली म्हणून वेगळी योजना भारतात नाही. काही स्वस्त आयातीवर अँटी-डम्पिंग ड्यूटी, म्हणजे मूळ देशातल्यापेक्षा कमी दरात इथे ओतलेल्या मालावरचा जादा कर, लागते, पण तिचा फायदा कंपनीला, आधीच घरी बसलेल्या कामगाराला नाही. ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) विमा असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: किमान दोन वर्षं विमा असावा, हप्त्यांचे दिवस भरलेले असावेत, मग सरासरी रोजाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. ती मुदतवाढीवर चालते, म्हणून अर्जाआधी ईएसआयसीच्या शाखेत विचारा. नोकरी आयातीमुळेच गेली हे मात्र सिद्ध करावं लागत नाही, आणि हे तत्त्व मला अमेरिकेपेक्षा बरोबर वाटतं. 90 दिवस मात्र फार थोडे आहेत, यासाठी युनियननी आवाज उठवायला हवा.

शिवाय कामगार कपातीची भरपाई असते, नोकरीच्या पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. म्हणून एक कळकळीने सांगते. कारखाना बंद होताना 'राजीनाम्यावर सही करा, हिशोब लगेच देतो' असं कोणी म्हणालं, तर युनियनला किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय सही करू नका. राजीनामा दिलात की तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली असा अर्थ लावतात, आणि कपातीच्या भरपाईवर पाणी सोडावं लागू शकतं.